पाणी सोडायची परवानगी

सोयाबीनला काढणीचा रंग आला की मला घरात बसवत नाही. जिंतूरहून एसटी धरायची, बोरीला उतरायचं आणि आमच्या शेताकडं चालत सुटायचं, एवढंच त्या दिवसांत सुचतं. पानं सगळी झडलेली असतात, नुसत्या काड्या आणि शेंगा उभ्या असतात. दुपारच्या उन्हात एखादी शेंग तडकते आणि दाणा मातीत कुठं जाऊन पडतो ते दिसत नाही. लांब कुणाच्या तरी शिवारात मळणीयंत्र सुरू असतं. त्याची धूळ वाऱ्यावर येते, मानेला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. डोळे चुरचुरायला एक कारण मिळतं, ते बरं असतं.

याच दिवसांत माझा भाऊ घरी यायचा.

दिगंबर त्याचं नाव. आम्ही दिगू म्हणायचो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा, पाठचा. मी जिंतूरच्या शाळेत गणित शिकवायला लागले त्याच्या दोन वर्षांनंतर तो आयटीआय करून विदर्भातल्या एका कोळशाच्या खाणीत पंप चालवायला गेला. जमिनीखालची खाण. लोक दसऱ्याची, दिवाळीची रजा मागतात. हा काढणीची मागायचा. बायको सुनंदा ताडकळसची, तीही शेतातली. दोघं आले की पहिल्या दिवशी बॅगा ओसरीवर टाकून सरळ वावरात जायची. खाणीत काळवंडलेली त्याची नखं चार दिवसांत मातकट व्हायची आणि मग तो आम्हाला आमचा वाटायचा.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, खाण कळायची ती विहिरीवरून.

"किती परस खोल हाय रे तुझी खाण?"

"परसात न्हाई मोजत आबा. तिरका बोगदा असतो, उतरतच जायचं. अर्धा घंटा लागतो."

"आन् पाणी?"

"पाणी लय. वरून टपकतंय, भिंतीतून झिरपतंय. आमी काढायलो, ते यायलंय. कोळसा काढणाऱ्याला सुट्टी असते आबा, पाणी काढणाऱ्याला नसते. दोन दिवस पंप बंद ठेवला तर खाण बुडंल."

आबा मान हलवायचे. विहिरीवर मोटार चालवणाऱ्या माणसाला हे पटायचं.

मला मात्र त्यानं एकदा बांधावर बसून जे सांगितलं ते आठवतं. हातात कणसं होती, हुरड्याची नव्हे, मक्याची. तो दाणे काढत बोलत होता. "आक्का, पाणी काढणं लय सोपं हाय गं. सोडायचं कुठं, ते अवघड." खाणीतून वर आणलेलं पाणी तसंच नाल्यात सोडता येत नाही. आधी मोठ्या हौदात निवळू द्यायचं, बाटलीत भरून तपासायला पाठवायचं. रोज किती सोडायचं, किती स्वच्छ असलं तर सोडायचं, हे सगळं परवानगीच्या कागदात लिहिलेलं असतं. हौदाची वही दिगूच लिहायचा. एका पावसाळ्यात हौद गढूळ पाण्यानं तुडुंब भरला आणि वरचा माणूस म्हणाला, खोल झडप, कोण बघतंय. दिगूनं खोलली नाही. त्याबद्दल त्याला दोन दिवस घरी बसवलं होतं.

"मग खोलायची की," मी म्हणाले. "तुझं काय जात होतं?"

"खाली माणसं राहतात, आक्का. त्यांच्या विहिरी नाल्यालाच लागून हायत. आपल्या ओढ्याला कुणी असं केलं असतं तर आबा काठी घेऊन गेले असते."

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं.

त्या वर्षी पाऊस जाता जाईना. सोयाबीन पिकून उभं होतं आणि आभाळ उघडत नव्हतं. दिगूची रजा मंजूर झाली होती. शनिवारी निघतो, रविवारी दुपारपर्यंत पोचतो, असा त्याचा फोन येऊन गेला होता. आबांनी खळ्यावरची ताडपत्री काढून झटकून ठेवली होती.

गुरुवारी दुपारी मी वर्गात असताना सुनंदाचा फोन आला. "वन्सं, खाणीत पाणी आलं," एवढंच ती म्हणत राहिली. मी म्हणाले, पाणी तर रोजच येतं. ती म्हणाली, "तसं न्हाई, वन्सं. तसं न्हाई."

त्यांच्या खाणीशेजारी एक जुनी खाण होती, कधीची बंद पडलेली, पाण्यानं भरलेली. तिचा नकाशा पुरा नव्हता. दोन्हींच्या मधली कोळशाची भिंत कागदावर जाड होती, प्रत्यक्षात नव्हती. ती त्या दुपारी फुटली. दिगू पंपाजवळ होता. तिथं टेलिफोन होता. त्यानं खालच्या भागात फोन करून सांगितलं की पाणी फुटलंय, दुसऱ्या वाटेनं निघा. तिथले सात जण निघाले आणि वर आले. त्यातल्या एकानं मला नंतर सांगितलं, की फोनवर दिगूचा आवाज नेहमीसारखाच होता, घाबरलेला नव्हता, म्हणून आधी त्यांना ते खरंच वाटलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. आबांना गुडघ्यामुळं नेता आलं नाही. खाणीचं तोंड म्हणजे जमिनीत तिरकी उतरत गेलेली एक मोठी वाट. आत रुळ होते, दिवे होते, आणि थोडं खाली जाऊन ते दिवे पाण्यात संपत होते. काळं, हलत नसलेलं पाणी. त्याच्याकडं बघून कळत नव्हतं की हे किती आहे. जाड पाइप आत सोडले होते, पंप धडधडत होते. सुनंदा एका लाकडी बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले तशी ती म्हणाली, "पंप चालू हायत, वन्सं. पंप चालू हायत तवर कायी बोलू नका."

तेव्हापासून आमचं जगणं त्या आवाजावर होतं. चहा आला तर प्यायचो, कुणी बोललं तर मान हलवायचो, पण कान तिकडं. आणि तो आवाज रोज थांबायचा. दुपारी तीनच्या सुमाराला एकेक पंप बंद व्हायचा आणि मग शांतता यायची, ती सहन व्हायची नाही. सुनंदा ताडकन उभी राहायची. "काहून बंद केलं?" तिला तिकडची बोली लागली होती. "कुणी बंद केलं?"

मी विचारायला गेले. पाण्याचे कागद बघणारे देठे साहेब म्हणून एक गृहस्थ होते, चाळिशीचे, कितीतरी दिवसांत न झोपल्यासारखे. ते मला हौदावर घेऊन गेले. जुन्या खाणीत वर्षानुवर्षं कोंडलेलं पाणी हौदात पडत होतं, ते गेरूसारखं लाल होतं. काठावर आंबूस वास येत होता, लोखंडाला येतो तसा.

"हे पाणी निवळायला, त्यात चुना टाकून ठीक करायला वेळ लागतो, ताई," ते म्हणाले. "हौद भरला की पंप थांबवावे लागतात. असंच नाल्यात सोडायचं तर वेगळी परवानगी लागते. आम्ही मागितलीय. पण खालच्या गावानं हरकतीचा अर्ज दिलाय. तो मागं घेतल्याशिवाय वरून सही होत नाही."

"माणूस अडकलाय म्हणून सांगितलं नाही का त्यांना?"

"सांगितलं. त्यांच्या कपाशीची बोंडं फुटायला लागलीत. विहिरी नाल्याकाठी आहेत. त्यांचं चूक नाही, ताई."

चूक नव्हतं हे मलाही कळत होतं. हौदाजवळच्या खोलीत दिगूची वही टेबलावर तशीच होती. त्याचं अक्षर लहानपणापासून उजवीकडं कललेलं. शेवटच्या पानावर त्या दिवशी सकाळची नोंद होती: पाणी निवळ, सोडण्यास योग्य.

संध्याकाळी आबांचा फोन यायचा. "किती उतरलं?" मी फूट सांगायची. "उतरायलंय ना? मग झालं. विहीर बी अशीच उतरते. आदी काईच दिसत न्हाई, मग एकदम तळ दिसतो." तिकडं आमचं सोयाबीन उभं होतं. दिगू आल्याशिवाय विळा लावायचा नाही म्हणून ते हटून बसले होते. शेवटी भावकीतल्यांनी त्यांना न विचारता काढून टाकलं. निम्मं शेतातच फुटून सांडलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी देठे साहेबांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "खाली गावात बैठक आहे. तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या आहात, तुम्ही आलात तर ऐकतील." मग थोडा वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. "पण एक खरं सांगून ठेवतो, ताई. तो ज्या जागी होता ती जागा पहिल्या तासातच छतापर्यंत भरली. वर चढून जायला तिथं उंच भाग नाही, हवा राहील असा कोपरा नाही. सुनंदावहिनींना मी सांगू शकलो नाही."

गणित शिकवणाऱ्या बाईला ते समजायला काही वेळ लागला नाही. खरं म्हणजे मी ते पहिल्या सकाळी त्या काळ्या पाण्याकडं बघूनच समजले होते. मी एवढंच विचारलं, "आत्ताच्या वेगानं किती दिवस?"

"दिवाळी उलटेल. आणि पाण्यात इतके दिवस म्हणजे..."

मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात वीसेक माणसं बसली होती. आमच्या गावच्या माणसांसारखीच माणसं, तशीच उन्हानं रापलेली, तशीच धोतराच्या सोग्यानं तोंड पुसणारी. देठे साहेबांनी कागद वाचून दाखवला. एक म्हातारा म्हणाला, "आमाले दुःख समजते, साहेब. पण हे पानी आमी पाहिलं आहे. दोन वर्षं जमीन उठत नाई त्याच्यानं."

मी बोलायला उभी राहिले. तीस वर्षं पोरांसमोर उभी राहणारी बाई मी. खांबाला धरून नुसती उभी राहिले.

तेव्हा बायकांमधून एक जण पुढं आली. पन्नाशीची असेल, काटकुळी, कपाळ मोकळं. मैनाबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. तिचं वावर नाल्याला अगदी चिकटून, सगळ्यांत सखल. पाणी सोडलं तर पहिलं तिच्याच सऱ्यांत शिरणार होतं, आणि अर्ध्या वस्तीचं पिण्याचं पाणी तिच्या विहिरीवरून जात होतं.

"कोन आहे तुमचा आतमंदी?" तिनं विचारलं.

"भाऊ."

"पाठचा?"

"पाठचा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग साधेपणानं, जसं कुणी पाऊस येईल का म्हणून विचारावं तसं, तिनं विचारलं, "जिता असन का, बाई?"

देठे साहेबांनी मान खाली घातली. मला सुनंदा दिसत होती, तीन वाजता बाकावरून ताडकन उठणारी. मला दिगू दिसत होता, त्या लाल पाण्यात, अजून पंधरा दिवस, अजून वीस दिवस.

"असेल," मी म्हणाले. "वरच्या बाजूला हवा आहे म्हणतात. लवकर पाणी उतरलं तर असेल."

मैनाबाई मागं वळली. "सोडा मंग," ती त्या म्हाताऱ्याला म्हणाली. "मानसापक्षा कापूस मोठा आहे का? माह्या वावराचं मी पाहून घेईन." सगळ्यांत जास्त जिचं जाणार तीच सोडा म्हणाली, तेव्हा बाकीच्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. हरकतीचा अर्ज मागं घेतल्याच्या कागदावर तिनं अंगठा नाही, सही केली. एकेक अक्षर थांबून थांबून.

दोन दिवसांत परवानगी आली. मी नाल्याच्या पुलावर जाऊन उभी राहिले होते. निवळ पाण्यात ते लाल पाणी शिरलं. आधी एक रेघ, मग अर्धा नाला, मग सगळाच. दिगूनं आयुष्यभर ज्यावर पहारा दिला ते पाणी मी त्याच्याच नावानं सोडायला लावलं होतं.

त्यानंतर पंप थांबले नाहीत. सुनंदा आता बाकावर टेकून डोळे मिटायची. तिच्या तोंडावर थोडा उजाळा आला होता. लोक म्हणत, वेग वाढलाय, आता लवकर होईल. ती मला म्हणाली, "वन्सं, तुमी गेल्या म्हणून झालं. ते आले की मी त्यांना सांगनार हाय." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

चौदाव्या दिवशी सकाळी बचाववाले आत गेले. दुपारी तो सापडला, टेलिफोनपासून थोड्या अंतरावर. कमरेला बांधलेल्या दिव्याच्या बॅटरीवरच्या नंबरावरून ओळख पटली. आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही आणि मी हट्ट धरला नाही. सुनंदा रडली नाही, ओरडली नाही. ती बाकावर जाऊन बसली आणि तिनं पंपांच्या दिशेनं कान दिला, सवयीनं.

ऊन कलायला लागलं होतं. पांढरी चादर घातलेलं स्ट्रेचर गाडीत ठेवायचं चाललं होतं. तेवढ्यात फाटकाकडून मैनाबाई येताना दिसली, भरभर, जवळजवळ पळत. खालच्या गावातून चालत आली होती. हातात फडक्यात गुंडाळलेली किटली होती. गावात फक्त 'सापडला' एवढाच शब्द पोचला होता.

"सापडला म्हनते," ती मला धापा टाकत म्हणाली. "पेज आनली पातळ. इतक्या दिसाच्या उपाशी मानसाले एकदम भाकर नाई देत, बाई. पोट धरत नाई. आदी पेजच द्या."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं. किटलीचं फडकं तिच्या हातात सैल झालं. मग ती हळूच सुनंदाजवळ जाऊन बसली, किटलीच्या झाकणात पेज ओतली आणि तिच्या ओठाला लावली. "पी, माय. तू तरी पी." सुनंदा प्याली. दोन झाकणं, तीन झाकणं, डोळे न उघडता. मी पाच पावलांवर उभी होते आणि माझी मान वर होत नव्हती.

दिगूला बोरीला आणलं. आबांनी मला त्यानंतर खाणीबद्दल एक शब्दही विचारला नाही. ते अजून आहेत, ओसरीवर बसून असतात. काढणीच्या दिवसांत मळणीयंत्राचा आवाज आला की आत जाऊन पडतात.

सुनंदाला त्याच्या जागी नोकरी मिळाली, त्याच खाणीत, त्याच हौदावर. मी तिला किती समजावलं. म्हणाले, सोड ते, चल बोरीला, नाहीतर ताडकळसला आईजवळ राहा. ती म्हणाली, "वही कुणीतरी लिवायलाच पायजे, वन्सं." ती अजून तिथंच आहे. तिचा फोन येतो, सणाला येते, जाते. खरं सांगायचं तर मी तिच्याशी पूर्वीसारखी बोलू शकत नाही. मैनाबाईला मी काय सांगितलं होतं, ते तिला माहीत नाही. तिला वाटतं मी तिच्या नवऱ्यासाठी त्या दिवशी खरोखरच आशा घेऊन गेले होते.

पुढच्या वर्षी काढणी सुरू झाली आणि माझा जीव राहीना. सुनंदाला न कळवता मी खालच्या गावात गेले. नाला निवळला होता, पण काठच्या दगडांवर लाल साका तसाच होता. मैनाबाईच्या सखल वावरात कपाशी गुडघ्याच्या वर गेली नव्हती, मातीवर पिवळट पापुद्रा आला होता. विहिरीवर कुणी नव्हतं. बायका लांबून डोक्यावर पाणी आणताना दिसत होत्या. काही दिवस टँकर आला होता, मग बंद झाला, असं वाटेत एकीनं सांगितलं. तक्रारीच्या सुरातही नाही, नुसतं.

मैनाबाई वरच्या बाजूला कापूस वेचत होती. तिनं मला लगेच ओळखलं, कमरेची ओटी सावरली आणि विचारलं, "भावजय बरी आहे का तुमची?" मी हो म्हणाले. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या सकाळी देठे साहेब काय बोलले होते, ते सांगितलं. ती विचारत होती तेव्हा मला माहीत होतं, हे सांगितलं.

तिचा हात एका बोंडावर थांबला.

"तुमाले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

"मले म्हनून तसं सांगतलं."

"हो."

वाऱ्यानं एक सुटा कापूस सरीतून गडगडत गेला, त्याच्याकडं ती बघत राहिली. मी वाट बघत होते, की ती मला शिव्या देईल, रडेल, किंवा जाऊ द्या बाई म्हणेल. यातलं काहीही चाललं असतं मला.

"मेला आहे म्हनून सांगतलं असतं, तरी मी सोडा म्हनलं असतं का नसतं," ती सावकाश म्हणाली, "आता मले काय ठाऊक? तुमी इचारलंच नाई."

तिनं ते बोंड वेचलं, ओटीत टाकलं.

"जा बाई. तुमची गाडी चुकन."

मी बांधावरून खाली उतरले. पुलाजवळ पोचल्यावर मागं पाहिलं, तेव्हा ती पुढच्या ओळीला लागली होती, माझ्याकडं पाठ करून.